बारा बोरांचा पौंड

हिंगोलीत 'बोर' म्हटलं की आधी शेतात पाडलेलं, बहुधा कोरडं गेलेलं बोर आठवतं, मग बांधावरच्या बोरीचं फळ. 'बारा बोर' म्हणताना मात्र माणूस आवाज जरा खाली घेतो. या तिघांपैकी दोघं सख्खे भाऊ: जमिनीचं भोक आणि बंदुकीच्या नळीचं भोक, दोन्ही इंग्रजीतून आलेलं एकच बोर. तिसरं मानलेलं.

पण बारा कसले? इंच नव्हेत, सूतही नव्हे. हा आकडा तागडीतून आलाय. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या ओतायच्या; त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोर. गोळी सुमारे 38 ग्रॅमची, नळी साडेअठरा मिलिमीटरची. त्याच पौंडात सोळा गोळ्या केल्या की सोळा बोर, म्हणजे आकडा चढतो तसं भोक घटतं. खुद्द 'बंदूक'ही गोळीचीच लेक. अरबीत बुन्दुक म्हणजे हेझलनट हे कवचीचं फळ. त्यावरून गोळी, गोळीवरून हत्यार. आपल्याकडे हेझलनट नाही, पण बारा बोरची शिशाची गोळी तळहातावर ठेवा, गावरान बोराएवढीच दिसेल. मानलेलं नातं म्हणालो ते यासाठी.

हिंगोलीला बंदुकीचं नवल नाही. निजामाच्या कंटिन्जंट फौजेची छावणी इथं 1819 पासून 1903 पर्यंत होती. पुढे 1959 च्या शस्त्र कायद्यानं बंदुकांच्या वाटण्या केल्या. निदान वीस इंची, बिनआट्यांच्या नळीची बंदूक संरक्षणासाठी किंवा शिकारीसारख्या खेळासाठी. पीक राखायला ठासणीची. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं आणि त्याच्या 1991 च्या दुरुस्तीनं शिकारीचा हौशी भाग कापला. बारा बोरकडे उरली ती घरराखण.

काम बदललं की बंदुकीतही फेरफार लागतो. बंदूक-रचनाकार जॉन ब्राउनिंगनं 1900 मध्ये पेटंट घेतलेल्या स्वयंभरणी बंदुकीत धक्क्यानं नळीच मागं सरकते, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं, पुढचं आत येतं. जड-हलक्या काडतुसांप्रमाणे तिच्यातली घर्षणकडी मागंपुढं बसवावी लागे. मालकाच्या हातच्या फेरफाराचं ती कडी हे एक जुनं उदाहरण. परदेशी शौकीन आज घरासाठी आखूड नळी, पाखरांसाठी लांब नळी अशी अदलाबदल करतात. इथं परवान्याविना नळी आखूड करणं गुन्हा. त्यामुळे आपल्याकडचा फेरफार बंदुकीत होत नाही, काडतुसात होतो. पोर्तुगीजांकडून आलेल्या या शब्दाच्या पोटात एलजीचे जाड छर्रे भरलेत की आठ नंबरचे बारीक, यावर त्याच बंदुकीचं काम ठरतं. इथंही छर्र्याचा नंबर वाढला की दाणा घटतो. पौंडाची ती उलटी खोड काही जात नाही.

आणि निवडणूक लागली की परवान्याच्या कितीतरी बंदुका पोलीस ठाण्यात जमा. रानडुकरं आणि रोही आचारसंहिता पाळत नाहीत.

म्हणून हरभऱ्यात जागलीला जाणाऱ्याच्या हाती आज बहुतेकदा प्लास्टिकच्या पाइपची कार्बाइडची 'बंदूक' असते. नुसता बार निघतो, गोळी नाही की छर्रा नाही. तिचा बोर कुणी विचारत नाही. विचारलाच, तर दुकानदार पाइपचे इंच सांगतो.