अमेरिकी सॉकर : श्रमिकांच्या वस्तीतून आलेला खेळ

जगभर फुटबॉल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळाला अमेरिकेत सॉकर म्हणतात. ‘असोसिएशन फुटबॉल’ या नावाचा हा संक्षेप मूळचा इंग्लंडमधला. अमेरिकेत ‘फुटबॉल’ हे नाव दुसऱ्याच खेळाला मिळाल्यामुळे तो तेथे रूढ झाला. हा खेळ अमेरिकेत अलीकडेच पोहोचला, असा समज आढळतो. वस्तुतः त्याला तेथे शतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे. मात्र बेसबॉलप्रमाणे तो राष्ट्रीय अभिमानाचा विषय झाला नाही. तो वाढला स्थलांतरित कामगारांच्या वस्त्यांत.

मॅसॅच्युसेट्समधील फॉल रिव्हर हे कापडगिरण्यांचे गाव आणि पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेम हे पोलादाचे गाव ही त्याची आरंभीची केंद्रे होत. बेथलेहेम स्टील या कारखान्याच्या संघाने राष्ट्रीय चषक 5 वेळा जिंकला. 1930 च्या पहिल्या विश्वचषकात अमेरिकेने उपान्त्य फेरी गाठली. त्या स्पर्धेत फॉल रिव्हरच्या बर्ट पॅटनॉडने पॅराग्वेविरुद्ध केलेले 3 गोल ही विश्वचषकातील पहिली हॅटट्रिक; तिला अधिकृत मान्यता मिळण्यास मात्र 2006 साल उजाडले.

29 जून 1950 रोजी ब्राझीलमधील बेलो होरिझोंते येथे अमेरिकेने बलाढ्य इंग्लंडला 1–0 असे हरवले. गोलरक्षक फ्रँक बोर्घी शववाहिका चालवीत असे, वॉल्टर बार शिक्षक होता, तर हॅरी किओ टपाल वाटत असे. निर्णायक गोल करणारा जो गेटजेन्स मूळचा हैतीचा; न्यूयॉर्कमध्ये शिकताना तो उपाहारगृहात भांडी घासत असे. त्या दिवशी मैदानात अमेरिकेचा एकच पत्रकार उपस्थित होता आणि तोही स्वखर्चाने गेलेला. पुढे 1964 मध्ये हैतीतील दुव्हालिए राजवटीने गेटजेन्सला अटक केली. त्यानंतर तो कधीच परतला नाही. अमेरिकी पुरुष संघाला पुढचा विश्वचषक खेळण्यासाठी 1990 पर्यंत वाट पाहावी लागली.

या उपेक्षित खेळाला खरी प्रतिष्ठा मिळवून दिली ती महिलांनी. शिक्षणसंस्थांत लिंगभेदास मनाई करणाऱ्या 1972 च्या कायद्यामुळे महाविद्यालयांत मुलींचे संघ उभे राहिले. 1991 चा पहिला महिला विश्वचषक अमेरिकेने जिंकला. 1999 चा अंतिम सामना पाहण्यास 90 हजारांवर प्रेक्षक लोटले. पुरुषांइतक्या मोबदल्याचा करार होण्यासाठी मात्र महिला खेळाडूंना न्यायालयीन लढा द्यावा लागला व 2022 पर्यंत थांबावे लागले.

1996 मध्ये सुरू झालेल्या मेजर लीग सॉकरने खेळाला स्थैर्य आणि पैसा दिला. परंतु या लीगमध्ये खालच्या श्रेणीतील संघाला गुणवत्तेच्या बळावर वर चढता येत नाही. बालवयातील प्रशिक्षणही बहुतांशी पालकांच्या शुल्कावर चालत असल्याने श्रमिक कुटुंबांतील मुलांची वाट अरुंद झाली आहे. लहान संघाला मोठ्याशी भिडण्याची संधी देणारी जुनी स्पर्धा उरली आहे ती 1914 पासून चालत आलेली ओपन कप. 2012 मध्ये कॅल एफसी या हौशी संघाने तिच्यातच पोर्टलंड टिंबर्सला त्यांच्याच मैदानावर नमवले होते. 2024 मध्ये मात्र मेजर लीगने तिच्यात आपले केवळ 8 संघ उतरवले. गिरणीकामगारांनी रुजवलेल्या या खेळाचे दार सर्वांसाठी उघडे राहणार की नाही, हा प्रश्न त्यामुळे आज पुन्हा ऐरणीवर आला आहे.