नातवाला सांगितलेला ग्रीस

झाँ-पिएर व्हेर्नां (१९१४-२००७) हे प्राचीन ग्रीसचे मोठे फ्रेंच अभ्यासक. एम.एस. करताना मी त्यांचं नावही ऐकलं नव्हतं. तेव्हा सगळं लक्ष प्रोग्रॅमिंगमध्ये! महायुद्धात तुलूझला तत्त्वज्ञान शिकवणारा हा माणूस 'बर्तिए' या टोपणनावाने नाझींविरुद्धच्या भूमिगत लढ्याचं नेतृत्व करत होता. पुढे ते पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक झाले. मला मात्र आवडलं ते त्यांचं १९९९ सालचं सोपं पुस्तक. सुट्टीत नातवाला झोपताना सांगितलेल्या ग्रीक पुराणकथा त्यांनी त्यात बोलत्या ढंगात लिहिल्या.

त्यातली एक गोष्ट मनातून जात नाही. ट्रॉयहून घरी निघालेले ओडिसियसचे खलाशी लोटस खाणाऱ्यांच्या देशात पोचतात. तिथली माणसं कोणाला मारत नाहीत, उलट अगत्याने खाऊ घालतात. पण ते गोड फळ खाल्लं की घरी जायची इच्छाच विसरते. व्हेर्नां म्हणतात, ओडिसियसच्या साऱ्या प्रवासामागे खरा धोका आहे तो या विसरण्याचाच. (राक्षस परवडले!) शेवटी तो रडणाऱ्या खलाशांना ओढत नेऊन जहाजात बांधून ठेवतो.

हे मी लेकीला मराठीत सांगत होतो. ती म्हणाली, "पण बाबा, ते तिथे खूश होते ना? मग रडवत का नेलं?"

मला उत्तर सुचेना. "उद्या सांगतो," म्हणून मी दिवा मालवला.