भाड्याच्या खोलीची कथा

मंडळी, आपल्या गावचा माणूस मुंबईच्या गिरणीत गेला, की उतरायचा कोठे? चाळीतल्या खोलीत. १८५४ साली कावसजी दावरांनी तेथे पहिली कापडगिरणी काढली, आणि पाठोपाठ माणसांची रीघ लागली. पैसेवाल्यांनी हेरले : चाळ बांधावी, दरमहा भाडे घ्यावे. हवा-उजेडाची फिकीर कोण करतो? १८९६ च्या प्लेगने या दाटीतच थैमान घातले.

पहिल्या महायुद्धात भाडी कडाडली, म्हणून १९१८ साली सरकारने त्यांना लगाम घातला. पुढे १९४७ च्या कायद्याने पुष्कळ भाडी १९४० च्या आकड्यावरच थांबवली. भाडेकरूला आधार मिळाला, हे खरेच. पण महागाई चढली, भाडे जागचे हलेना. मालकाने डागडुजी सोडली, नव्या चाळी थांबल्या, पागडी बोकाळली. अखेर १९६९ साली जुन्या इमारतींसाठी दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला.

तेव्हा वाढत्या शहरात भाड्यासाठी घर बांधणार असाल, तर एवढे ध्यानात ठेवा. बैलाला वैरण घातली तरच तो नांगर ओढतो. भाड्यातला वाटा घराला परत द्या. आणि भाडेही असे ठेवा, की राहणाऱ्याची चूल पेटती राहील.