ऑनलाइन एमबीएच्या स्पर्धेत जुनी बिझनेस स्कूल कशी टिकतायत?

इन्स्टाग्राम उघडलं की "नोकरी न सोडता एमबीए करा, ईएमआयवर" अशी जाहिरात तुम्हालाही दिसत असेल. चुकून मोबाईल नंबर टाकला की पुढचे चार दिवस काउन्सेलरचे फोन चालू. ही स्पर्धा सुरू झाली अमेरिकेत. तिथली मोठमोठी बिझनेस स्कूल यातून कशी वाट काढतायत, आणि फी भरण्याआधी आपण त्यातलं काय लक्षात ठेवायचं, ते या लेखात पाहूया.

स्पर्धा आली कुठून?

दोन बाजूंनी. पहिली बाजू म्हणजे नफ्यासाठी चालणारी विद्यापीठं. यातलं सगळ्यात गाजलेलं नाव युनिव्हर्सिटी ऑफ फिनिक्स. जॉन स्पर्लिंग यांनी ते १९७६ मध्ये सुरू केलं, नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसांसाठी. २०१० च्या सुमारास तिथे चार लाखांहून जास्त विद्यार्थी होते! नंतर पट जोरात घसरला. मोठ्या कंपन्यांशी आपलं टायअप आहे असा भास जाहिरातींतून निर्माण केल्याच्या आरोपावरून २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनसोबत १९ कोटी १० लाख डॉलरची तडजोड करावी लागली.

पण एक गोष्ट मान्य करायला हवी. दोन वर्षं पगार सोडून कॉलेजात बसू न शकणारी लाखो माणसं होती, आणि जुन्या कॉलेजांनी त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं.

दुसरी बाजू म्हणजे मूक्स, म्हणजे कुणालाही करता येणारे ऑनलाइन कोर्स. २०१२ मध्ये अँड्र्यू एनजी आणि डॅफ्नी कोलर यांनी कोर्सेरा सुरू केलं. पुढच्याच वर्षी व्हार्टनसारख्या नामांकित बिझनेस स्कूलने एमबीएच्या पहिल्या वर्षातले काही मुख्य विषय त्यावर फुकट टाकले. लेक्चर फुकट झालं, मग लाखोंची फी नेमकी कशाची?

हार्वर्डचा मार्ग : एमबीएला हात लावायचा नाही

नितीन नोहरिया (आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी) २०१० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलचे डीन झाले, तेव्हा ते ऑनलाइनच्या बाजूने अजिबात नव्हते. चारच वर्षांत त्यांच्याच काळात एचबीएक्स सुरू झालं. मजेची गोष्ट म्हणजे यावर हार्वर्डच्याच दोन दिग्गज प्राध्यापकांचं जमत नव्हतं. क्लेटन ख्रिस्तेन्सेन यांचं म्हणणं, स्वस्त पर्याय खालून येतो आणि हळूहळू बाजार खातो, तेव्हा स्वतःच स्वतःचा स्पर्धक तयार करा. मायकेल पोर्टर म्हणत, ऑनलाइन जरूर करा, पण जे आहे ते मजबूत करण्यासाठी, त्याची स्वस्त नक्कल नको.

शेवटी हार्वर्ड पोर्टर यांच्या बाजूला झुकलं. ऑनलाइन एमबीए काढलाच नाही. त्याऐवजी अकाउंटिंग, अर्थशास्त्र आणि अ‍ॅनालिटिक्स या तीन विषयांचा एक कोर्स काढला. फी सुरुवातीला १,५०० डॉलर. लांबलचक लेक्चर नाही. दर काही मिनिटांनी तुम्हाला काहीतरी करावं लागतं. वर्गात सर अचानक नाव घेऊन प्रश्न विचारतात ना, तसं स्क्रीनवरही अचानक विचारलं जातं. २०१५ मध्ये बोस्टनच्या एका टीव्ही स्टेशनच्या इमारतीत स्टुडिओ उभारला. समोर स्क्रीनची भिंत, त्यावर एका वेळी ६० विद्यार्थी.

इलिनॉयचा मार्ग : जुना कोर्सच बंद

माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण हे. इलिनॉय हे सरकारी विद्यापीठ. त्यांच्या गीज बिझनेस कॉलेजने २०१६ मध्ये कोर्सेरासोबत आयएमबीए सुरू केला. संपूर्ण पदवीची फी साधारण २२,००० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने १५ लाख रुपयांच्या आसपास. आपल्याला ही रक्कम मोठी वाटेल, पण त्याच वेळी हार्वर्डमध्ये दोन वर्षांची नुसती ट्युशन फीच एक लाख डॉलरच्या वर होती.

यातली मेख समजून घ्या. रेकॉर्ड केलेले व्हिडिओ कोर्सेरावर कुणीही बघू शकतो. ते एकदा बनवले की आणखी हजार जणांनी बघितल्याने खर्च फारसा वाढत नाही. पैसे लागतात ते प्राध्यापकांच्या लाइव्ह सेशनला, ग्रुप प्रोजेक्टला, उत्तरं तपासणाऱ्या माणसाला आणि पदवीला. म्हणजे फुकट होऊ शकणारं फुकट दिलं आणि जिथे माणूस लागतो तिथेच फी लावली. शिवाय आधी सुटे कोर्स करून बघा, जमलं तर प्रवेश घ्या, अशीही सोय.

२०१९ मध्ये गीजने कॅम्पसवरचा पूर्णवेळ एमबीए बंद करत असल्याचं जाहीर केलं. तिथे विद्यार्थी मोजकेच उरले होते, ऑनलाइनचा आकडा हजारात गेला होता. अर्थात हे इलिनॉयला जमलं कारण नाव आधीपासून मोठं होतं. कुणाला फारसं माहीत नसलेल्या कॉलेजाने फी कमी करून एवढी गर्दी जमवणं अवघड.

तिसरा मार्ग : बाहेरच्या कंपनीला काम देणं

स्वतः तंत्रज्ञान उभारायला वेळ नाही, मग टू-यू सारख्या कंपनीशी करार करायचा. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने २०११ मध्ये ऑनलाइन एमबीए असाच आणला. कंपनी प्लॅटफॉर्म देते, जाहिरात करते, विद्यार्थी आणते. बदल्यात फीचा मोठा वाटा घेते. जुन्या करारांत तो निम्म्याहून जास्त असायचा. अडचण इथेच आहे. स्वस्त व्हायला हवं ते ऑनलाइन शिक्षण महागच राहतं, कारण तुमच्या फीतून जाहिरातीचा खर्च निघतो. टू-यूने २०२१ मध्ये ८० कोटी डॉलर देऊन एडएक्स विकत घेतलं आणि जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

आपल्याकडे काय?

भारतात हा तिसरा मार्गच जास्त दिसतो. जाहिरातीत अ‍ॅपचं नाव मोठं, विद्यापीठाचं बारीक अक्षरात. यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं की मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे. त्यामुळे "ऑनलाइन म्हणजे बोगस" हे खरं नाही. पण त्याच वर्षी जानेवारीत यूजीसीने असंही बजावलं होतं की विद्यापीठांना एडटेक कंपन्यांना फ्रँचायझी देता येणार नाही. परदेशी विद्यापीठांच्या नावाने मान्यता नसताना पदव्या विकणाऱ्यांबद्दलचा इशारा डिसेंबर २०२३ चा.

म्हणून पुढच्या वेळी काउन्सेलरचा फोन आला की आधी एवढंच विचारा : पदवीवर सही कोणाची? नाव मिळालं की यूजीसीच्या डीईबी वेबसाइटवर ते विद्यापीठ, तोच कोर्स आणि हेच वर्ष यादीत आहे का, ते स्वतः बघा. सर्टिफिकेट कोर्स असेल तर तो एमबीए नाही, नावात काहीही लिहिलेलं असो. मग विचारा, आठवड्यात लाइव्ह तास किती, घेतं कोण, आणि प्रोजेक्ट तपासतं कोण. "सगळं रेकॉर्डेड आहे, कधीही बघा" असं उत्साहाने सांगितलं, तर तेवढे व्हिडिओ तुम्हाला बऱ्याचदा फुकटही मिळतील.