घाटमाथ्यावरची बाजारपेठ

लोणावळ्याची बाजारपेठ कोणी आखली? नगररचनाकाराने नाही, आणि पेशव्यांच्या कोणा सरदाराने तर नाहीच. ती आखली बोरघाटाच्या चढाने.

मावळाला व्यापार नवा नव्हता. सह्याद्री ओलांडून कोकणातल्या बंदरांकडे जाणाऱ्या वाटेवरच कार्ले, भाजे आणि बेडसे इथली लेणी कोरली गेली. कार्ल्याच्या शिलालेखांत वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचं नाव आहे, धेनुकाकटाहून आलेल्या यवनांच्या देणग्याही नोंदल्या आहेत. पण तांड्यांची ही वाट लोणावळ्यात पेठ वसवू शकली नाही. १८३० मध्ये बोरघाटात गाड्यांचा रस्ता झाला, तरी मुक्कामाचं ठिकाण म्हणून नाव होतं ते खंडाळ्याचं.

पारडं फिरवलं ते जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने. १८५८ मध्ये पुण्याहून खंडाळ्यापर्यंत गाडी आली, खालून ती खोपोलीपर्यंत आधीच पोहोचली होती. मधला घाट उतारूंना पालखीने किंवा बैलगाडीने पार करावा लागे. घाटातल्या रुळांचं काम १८५६ पासून चालू होतं. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात येऊन थोड्याच दिवसांत वारला, तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते कंत्राट तडीस नेलं. पटकी आणि तापाने मेलेल्या हजारो मजुरांची नावं मात्र कुठेच नाहीत. एप्रिल १८६३ मध्ये घाट खुला झाला: २५ बोगदे आणि साडेपाचशे मीटरहून अधिक चढ.

हा चढ चढवायला गाडीला जादा इंजिन लागायचं, आणि माथ्यावर आलं की ते सोडवावं लागायचं. वाफेच्या इंजिनाला पाणी आणि कोळसाही हवा. म्हणून लोणावळ्यात इंजिनांची शेड आली, रेल्वेच्या चाळी आणि बंगले आले, शाळा आली. आज पावसाळ्यात ज्याच्या पायऱ्यांवर मुंबई-पुण्याची गर्दी लोटते ते भुशी धरणही रेल्वेने इंजिनांच्या पाण्यासाठीच बांधलं. १८७७ मध्ये नगरपालिका स्थापन झाली ती या रेल्वेगावासाठी.

गाडी थांबते तिथे गिऱ्हाईक उतरतं. स्टेशन आणि मुंबई-पुणे रस्ता यांच्या मधल्या पट्ट्यात दुकानं लागली, ती खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी. किराणा, कापड, खानावळी, धर्मशाळा सगळं चालत जाण्याच्या अंतरात. शेंगदाणे आणि गुळाची गुडदाणी इथे चिक्की होऊन बसली. ती टिकाऊ होती, प्रवासात सांडत नव्हती आणि खिडकीतून हाती देता येत होती. गाडीचं मागचं इंजिन सुटेपर्यंतच्या दोन-चार मिनिटांत सौदा उरकायला याहून सोयीचा माल कुठला?

मग टाटा आले. वळवण, लोणावळा आणि शिरवता इथलं पाणी नळांतून खाली सोडून १९१५ मध्ये खोपोलीत वीज निर्माण झाली आणि मुंबईच्या गिरण्या तिच्यावर फिरू लागल्या. धरणांच्या मजुरांनी पेठ आणखी वाढवली. तुंगार्लीच्या बाजूला मुंबईच्या शेठ लोकांचे बंगले उठले. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम ही योगसंस्था सुरू केली. पाठोपाठ घाटात विजेची गाडी आली. कोळशाची गरज संपली, तरी बाजार हलला नाही, कारण तोवर महामार्गही गावातूनच जात होता.

खरा धक्का बसला २००२ मध्ये. द्रुतगती मार्गाने लोणावळ्याला वळसा घातला आणि सक्तीचा थांबा उरला नाही. गिऱ्हाईक तुटलं नाही, ते मोटारीने मुद्दाम येऊ लागलं. पण ज्या पेठेत माणूस स्टेशनातून चालत येई, तिथे आता मोटार उभी करायला जागा शोधावी लागते. शनिवार-रविवारी कुमार चौक ते शिवाजी चौक हे पायी सहज कापायचं अंतर मोटारीत बसून संपता संपत नाही. आराखड्यांत निवासी आणि वाणिज्य असे रंग वेगळे भरतात, ही पेठ मात्र पहिल्या दिवसापासून दोन्ही आहे. तिच्यासाठी रुंद रस्त्याआधी सावलीचा पदपथ, मालाच्या टेम्पोची ठरलेली वेळ आणि बाजाराबाहेरचा वाहनतळ हवा. त्याशिवाय वरच्या मजल्यावरची कुटुंबं तिथे टिकणार नाहीत.

आता ज्या घाटाने ही पेठ आखली तोच टाळण्यासाठी द्रुतगती मार्गाच्या खोपोली ते कुसगाव या नव्या जोडरस्त्यावर दोन बोगदे आखले गेले. त्यांतला सुमारे नऊ किलोमीटरचा बोगदा तर थेट लोणावळा तलावाच्या खालून जातो.