ऑनलाइन घेतलेले जुने लक्झरी घड्याळ अस्सल आहे का, हे कसे तपासतात?

रोलेक्स, ओमेगा, कार्टिए अशा कंपन्यांची वापरलेली घड्याळे आता इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप ग्रुप आणि विक्रीच्या ॲपवर सहज मिळतात. किंमत काही लाखांत असते आणि व्यवहार बहुतेक वेळा फोटो पाहूनच ठरतो. घड्याळ हातात आल्यावर पहिला प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे हे अस्सल आहे का? या प्रश्नाचे उत्तर नेहमीच नुसते ‘हो’ किंवा ‘नाही’ असे नसते.

केस, तबकडी, काटे, आतले मशीन, पट्टा आणि कागदपत्रे मिळून घड्याळ बनते. यातला प्रत्येक भाग वेगळा बदलता येतो. त्यामुळे तपासणी करताना एकेक भाग खरा आहे का आणि हे सगळे भाग एकाच घड्याळाचे आहेत का, असे दोन्ही पाहावे लागते.

फसवणुकीचे तीन प्रकार

पहिला प्रकार सरळ नकलेचा. यात घड्याळ पूर्णपणे बनावट असते.

दुसऱ्या प्रकाराला संग्राहक ‘फ्रँकनवॉच’ म्हणतात. यात वेगवेगळ्या घड्याळांचे सुटे भाग जोडून एक घड्याळ तयार केले जाते. याचे गाजलेले उदाहरण ओमेगाचेच आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाच्या एका लिलावात १९५७ सालचे म्हणून ओळखले गेलेले ‘स्पीडमास्टर’ ३१ लाख स्विस फ्रँकपेक्षा जास्त किमतीला विकले गेले. खुद्द ओमेगानेच ते आपल्या संग्रहालयासाठी घेतले होते. २०२३ मध्ये कंपनीने जाहीर केले, की हे घड्याळ जोडून तयार केलेले आहे, त्यातले बहुतेक भाग अस्सल आहेत आणि या प्रकारात कंपनीचे माजी कर्मचारी सामील होते. भाग खरे असले, तरी घड्याळ खरे असेलच असे नाही, हे यातून दिसले.

तिसरा प्रकार म्हणजे पुन्हा रंगवलेली तबकडी. सीको, एचएमटी, फेवर-ल्युबा आणि जुन्या ओमेगा घड्याळांच्या तबकड्या भडक रंगांत नव्याने छापून ती ऑनलाइन विकली जातात. परदेशातील संग्राहकांमध्ये अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ हे नावच पडले आहे. मशीन अस्सल असले, तरी मूळ तबकडी गेल्यामुळे संग्राहकांच्या दृष्टीने किंमत बरीच उतरते.

क्रमांक काय सांगतात?

बहुतेक लक्झरी घड्याळांवर मॉडेलचा संदर्भ क्रमांक आणि त्या घड्याळाचा स्वतंत्र अनुक्रमांक असतो. रोलेक्सच्या जुन्या घड्याळांत हे क्रमांक पट्टा काढल्यावर केसच्या बाजूला दिसतात. १२ वाजण्याच्या बाजूला संदर्भ क्रमांक असतो आणि ६ वाजण्याच्या बाजूला अनुक्रमांक. २००५ च्या सुमारास रोलेक्स हा अनुक्रमांक काचेखालच्या आतल्या कड्यावर कोरू लागली. २०१० च्या सुमारास कंपनीने क्रमवार आकडे बंद करून अक्षरे आणि अंक यांची स्वैर सरमिसळ सुरू केली. त्यामुळे त्यानंतरच्या घड्याळाचे साल अनुक्रमांकावरून काढता येत नाही.

अनुक्रमांक कंपनीच्या नोंदीत असणे हा मात्र पुरावा नव्हे. नकला करणारे खऱ्या घड्याळाचा क्रमांक उचलून अनेक बनावट घड्याळांवर कोरतात. क्रमांकाचा खरा उपयोग जुळवणीसाठी होतो. केसवरचा क्रमांक आणि वॉरंटी कार्डावरचा क्रमांक एकच आहे का? संदर्भ क्रमांक ज्या मॉडेलचा आहे, त्याच मॉडेलची तबकडी आणि काटे आहेत का?

बाहेरून काय पाहावे?

दहापट मोठे दाखवणारे घड्याळजींचे भिंग यासाठी पुरेसे असते. अस्सल तबकडीवर अक्षरांच्या कडा स्वच्छ असतात, शाई पसरलेली नसते आणि मिनिटांच्या रेघा खुणांच्या बरोबर मध्ये येतात. केसवर ओरखडे भरपूर, पण तबकडी कोरी करकरीत असेल, तर ती पुन्हा रंगवलेली असण्याची शंका घ्यावी. काट्यांवरचा आणि तबकडीवरचा अंधारात चमकणारा रंग वेगवेगळ्या छटेचा असेल, तर त्यातले काहीतरी बदललेले असू शकते.

सोन्याच्या स्विस केसवर १८ कॅरेटसाठी ७५० हा आकडा असतो. १९९५ पासून त्यासोबत सेंट बर्नार्ड कुत्र्याच्या डोक्याचा अधिकृत छाप असतो.

‘सेकंदकाटा टिकटिक करत उड्या मारतो, म्हणजे घड्याळ नकली’ हा सोशल मीडियावरचा नियम अपुरा आहे. रोलेक्सने स्वतः सुमारे १९७७ ते २००१ या काळात ‘ऑयस्टरक्वार्ट्झ’ ही बॅटरीवरची घड्याळे विकली होती. उलट, आजच्या बऱ्याच बनावट घड्याळांत यांत्रिक मशीन असते आणि त्यांचा काटाही सुरळीत सरकतो.

आतून तपासणी

खरा निकाल मागचे झाकण उघडल्यावरच लागतो. हे काम जाणकार घड्याळजींनी ग्राहकासमोर करावे. घरी उघडण्याच्या प्रयत्नात पाणीरोधक रबर खराब होते, झाकणावर ओरखडे येतात आणि विक्रेत्याला परतीस नकार द्यायला निमित्त मिळते.

झाकण उघडण्याआधी ‘टाइमग्राफर’ या यंत्रावर घड्याळ ठेवता येते. ते मशीनचा आवाज ऐकून तासाला किती ठोके पडतात आणि घड्याळ दिवसाला किती सेकंद पुढे-मागे जाते, हे दाखवते. गेल्या तीस वर्षांतल्या रोलेक्स सबमरिनरमध्ये तासाला २८,८०० ठोके अपेक्षित असतात. यंत्राने २१,६०० दाखवले, तर आत दुसरेच मशीन आहे. आकडा जुळला तरी झाकण उघडून पाहावेच लागते, कारण चांगल्या नकलांमध्ये मूळ मशीनची रचना आणि कोरीव अक्षरेही उतरवलेली असतात.

दुसरा मार्ग कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचा. तेथे सर्व्हिसिंगचा अंदाज मागितला की घड्याळ तपासले जाते. बनावट किंवा परके भाग घातलेले घड्याळ ही केंद्रे सहसा दुरुस्तीला घेत नाहीत.

बॉक्स आणि कागद

बॉक्स, कार्ड, पावती हे सगळे वेगळे विकत मिळते आणि त्याच्याही नकला होतात. काही कंपन्या जुन्या नोंदींचा उतारा देतात. पाटेक फिलिप अशा उताऱ्यात घड्याळ कधी बनले आणि कधी विकले गेले हे सांगते. पण ती माहिती नोंदवहीतली असते. समोरचे घड्याळ तेच आहे, याची ती हमी नसते.

रोलेक्सने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतःची प्रमाणित जुनी घड्याळे विकण्याची योजना सुरू केली. त्यातील घड्याळासोबत दोन वर्षांची हमी मिळते. अशा घड्याळाची किंमत चढी असते, पण तपासणीची जबाबदारी कंपनीने घेतलेली असते. घड्याळ चोरीचे आहे का, हे पाहण्यासाठी लंडनच्या ‘द वॉच रजिस्टर’सारख्या नोंदसंग्रहात शुल्क भरून शोध घेता येतो.

पार्सल आल्यावर

- पार्सल उघडताना न थांबवता व्हिडिओ काढावा. त्यात पत्त्याचे लेबल आणि घड्याळाचा अनुक्रमांक दिसला पाहिजे.
- जाहिरातीतील फोटो, चॅट आणि पैसे दिल्याची नोंद जपून ठेवावी.
- परतीची मुदत संपण्याआधी तपासणी पूर्ण करावी. तोवर घड्याळ वापरू नये आणि पट्ट्याच्या कड्याही काढू नयेत.
- घड्याळजींकडून निष्कर्ष लेखी घ्यावा.

बनावट निघाले तर?

आधी विक्रेत्याला आणि ॲपला लेखी कळवावे. विक्रेता व्यावसायिक असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. ५० लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल होते. खासगी व्यक्तीकडून एकदाच झालेल्या खरेदीला ग्राहक कायद्याचे हे संरक्षण मिळत नाही. तेथे दिवाणी दावा किंवा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार, असे मार्ग उरतात. पैसे ऑनलाइन गेले असतील, तर सायबर हेल्पलाइन १९३० वर लगेच कळवावे. व्यवहार गोठवण्याची शक्यता सुरुवातीच्या तासांतच जास्त असते.

नुकसान भरून काढण्यासाठी तेच घड्याळ दुसऱ्याच्या माथी मारणे मात्र महागात पडते. बनावट असल्याचे माहीत असूनही ते अस्सल म्हणून विकणे हा ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम १०४ नुसार गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो.