खापराची साक्ष

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे ताम्रपट, शिलालेख व नाणी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. नांगराच्या फाळाने वर आलेले खापर मात्र आपण पायानेच बाजूस सारतो. ही उपेक्षा अनाठायी आहे.

बुलढाणा जिल्ह्यात, संग्रामपूर तालुक्यातील भोन येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी इ. स. २००२ पासून काही वर्षे उत्खनन केले. तेथील विटांचा स्तूप विद्वानांच्या चर्चेचा विषय झाला. परंतु त्याच मातीत काळ्या-तांबड्या भांड्यांची खापरे निघाली. आणि ही घडण स्तूपाहूनही जुन्या परंपरेची होय. नागपूरकडील माहुरझरी, जुनापाणी येथील इतिहासपूर्व शिलावर्तुळांतही ती आढळते.

हे भांडे आतून व काठाशी काळे, बाहेरून खाली तांबडे असते. हे दोन रंग लावले कोणी? कोणीच नव्हे. खापराचा तुकडा मोकळ्या हवेत पुन्हा भाजला असता काळेपणा जळून जातो व सर्व अंग तांबडे होते. म्हणजे माती एकच, भेद विस्तवाचा. जेथे वारा पोचला तेथे मातीतील लोह तांबडे झाले. जेथे धूर कोंडला तेथे काजळी रंध्रांत मुरली. भांडी तुसात वा राखेत पालथी रचून भाजीत असावेत, असा तर्क यावरून अनेकांनी केला आहे.

मातीचीही अशीच परीक्षा होते. खापराचा सुमारे ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, म्हणजे वाळूचे कण व जळालेल्या तुसाच्या पोकळ्या दिसतात. वऱ्हाडची काळी माती ओलीने फुगते व वाळता भेगाळते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. तिला आवरण्यासाठी कुंभारास असे काही मिसळावेच लागते.

ज्यांच्यापाशी लिपी नव्हती, त्यांचे शास्त्र अशा रीतीने आपणास वाचता येते. मात्र खापर कोणत्या थरात सापडले, याची नोंद नसेल तर ही साक्ष अर्धी मुकी होते. भोनची भूमी जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते. स्तूपाची चिंता वाहणाऱ्यांनी त्या मातीतील खापरांचीही वाहावी. कारण राजांची कीर्ती गाण्यास शिलालेख आहेत, कुंभाराच्या हाताला दुसरा साक्षीदार नाही.